आप्पांची तीस उत्तरं

आमच्या घरात काहीतरी बिघडलंय हे मला पहिल्यांदा कळलं ते आप्पांनी आमटीला नावं ठेवणं सोडलं तेव्हा.

आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरातल्या एका कापड गिरणीत मागांच्या खात्यात ते जॉबर होते. जॉबर म्हणजे चाळीस विणकरांचा म्होरक्या. माग अडला की तो दुरुस्त करायचा, माणूस अडला की त्यालाही दुरुस्त करायचं. मागांच्या खडखडाटात आयुष्यभर ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की घरी ते "मीठ दे" म्हणाले तर तिसऱ्या घरातली बाई मिठाच्या बरणीकडं हात न्यायची. जेवायला बसले की आमटी पाणचट, भाकरी कच्ची, शेंगाचटणीत लसूण कमी, असा रोजचा पाढा. अव्वा, म्हणजे माझी आई, तो एका कानानं ऐकायची आणि पुढची भाकरी ताटात टाकायची. लग्न झाल्यापासून त्यांचा संसार असाच सुखानं चालला होता.

आणि एक दिवस अव्वा आमटीत मीठ घालायलाच विसरली. आप्पांनी ती मुकाट्यानं खाल्ली, हात धुतला आणि उठून गेले.

अव्वा घाबरली. पण बाई खमकी. तिनं दुसऱ्या दिवशी मुद्दाम मीठ घातलं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी करपवली. चौथ्या दिवशी डाळ अर्धी कच्ची काढली. आप्पा ताटावर बसायचे, दोन-चार घास खायचे, उठायचे. एक शब्द नाही. आप्पांची ही तपासणी पूर्ण आठवडाभर चालली, आणि त्यात आम्हा बाकीच्यांच्या जेवणाचे जे हाल झाले ते सांगण्यासारखे नाहीत. आठवड्याच्या शेवटी अव्वानं निकाल दिला, "ह्येनला काहीतरी झालंय."

बाकी कुणालाच तसं वाटत नव्हतं. शेजारीपाजारी खूश होते. जॉबर किती शांत झाले म्हणे. अक्कलकोटहून माझी मोठी आत्या आली, तिनं भावाला दोन दिवस पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाली, "माझ्या भावाला विरक्ती आली. पुण्य लागतं त्याला." मला तिचा इतका राग आला की मी तिच्या चहात साखर टाकली नाही. विरक्ती आलेला माणूस निदान झोपतो तरी. आप्पा झोपत नव्हते. पहाटे मला जाग यायची तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले असायचे. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधीच कपडे करून दारात उभे. धोतराचा काचा सैल पडायला लागला होता. काय होतंय असं विचारलं तर म्हणायचे, "कुटं काय? काय न्हाय." ते 'काय न्हाय' मला त्यांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

ही सगळी सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मॅट्रिक होऊन त्याच गिरणीच्या दवाखान्यात केसपेपर लिहायला लागले होते. तेवढ्यात आमच्याकडं नवीन डॉक्टर आले. पुण्याचे, तरुण, उंच, आणि इतके सडपातळ की पहिले दोन दिवस कामगार त्यांनाच पेशंट समजून बाकावर जागा करून देत होते. त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. ते म्हणायचे, वर्षातून एकदा कामगारांची छाती तपासता, डोळे तपासता, वजन करता; मग मनाची तपासणी का नको? ताप आल्यावर औषध देण्यापेक्षा ताप येतोय हे आधी कळलेलं काय वाईट?

मला ते पटलं. पटलं कशाला, माझ्या डोळ्यांसमोर सरळ आप्पाच आले.

डॉक्टरांनी स्वतः बसून तीस प्रश्न तयार केले. उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही'. 'होय' म्हणजे त्रास आहे. विचारायचं काम माझ्याकडं. पहिला प्रश्न होता, "आपणांस निष्कारण विषण्णता जाणवते काय?" मी तो एका विणकराला वाचून दाखवला. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "बाई, ह्ये काय असतंय मला ठाव न्हाय. जॉबरला विचारून सांगतो." मी डॉक्टरांना सांगितलं, तुमचं पुणं तुमच्याजवळ ठेवा. त्या संध्याकाळी तीसच्या तीस प्रश्न मी आमच्या भाषेत आणले. उगंच जिवाला बरं वाटंना झालंय का? झोपेचा तरास हाय का? जेवण नको वाटतंय का? रडू येतंय का? हात चालतात पण मन कामात न्हाय, असं हुतंय का? डॉक्टरांना माझी भाषा जरा रांगडी वाटली, पण त्यांनी ठेवली.

आता त्या 'जॉबरला विचारून सांगतो'बद्दल. आमच्या गिरणीची रीतच तशी होती. विणकराला रजा पाहिजे, जॉबर बोलणार. विणकराची साहेबाशी बाचाबाची झाली, जॉबर बोलणार. विणकराच्या पोरीचं लग्न ठरलं तरी पाहुण्यांसमोर पहिलं वाक्य जॉबरचंच. कुणी तेलुगू बोलणारा, कुणी कानडी, कुणी दखनी. साहेबापुढं सगळ्यांचं तोंड एकच, आमचे आप्पा. तेव्हा तपासणीच्या दिवशी आप्पा चाळीस जणांची रांग लावून आले, आणि माझ्या टेबलाशेजारी उभे राहिले, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी पहिल्या विणकराला विचारलं, "झोपेचा तरास हाय का?"

आप्पा म्हणाले, "ह्याला? ह्याला उठायचा तरास हाय."

"जेवण नको वाटतंय का?"

"ह्याचा डबा बघ जा. दोघांचा असतोय."

"रडू येतंय का?"

"सासू आली की. बाकी न्हाय. 'नाही' लिव्ह."

रांग खदाखदा हसली. आप्पा हसले नाहीत. रोजच्या सवयीनं माग चालावा तसं तोंड चाललं होतं. अर्ध्या तासात त्यांनी चाळीस माणसांचे बाराशे प्रश्न निकालात काढले. प्रत्येक विणकर फक्त मान डोलवत होता. शेवटी स्वतःचा कागद त्यांनी माझ्या हातून घेतला, 'नाही'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढली, खाली सही केली आणि रांग घेऊन गेले. मी त्या रेघेकडं बघत बसले. रोज पहाटे भिंतीला टेकून बसणाऱ्या माणसानं माझ्यादेखत खोटं लिहून दिलं होतं, आणि मी "बरं" म्हणाले होते. इतका मुखदुर्बळपणा माझ्यात कुठून आला कोण जाणे.

डॉक्टरांनी गठ्ठा चाळला. "एक्केचाळीस माणसं, आणि एकालाही काही नाही?"

"जॉबरनी सांगितलं तसं लिहिलं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी दवाखान्याच्या कोपऱ्यात गिरणीतलीच एक चादर आडवी टांगली आणि जाहीर केलं, की एकेकानं चादरीमागं यायचं, आपापलं उत्तर आपणच द्यायचं, जॉबरनी बाहेर थांबायचं. बाहेर चर्चा सुरू झाली. चादरीमागं बोलवतात म्हणजे नक्कीच वेड शोधतात. वेड सापडलं की येरवड्याला पाठवतात. त्या दिवशी चादरीमागं इतक्या मोठमोठ्यानं 'न्हाय' ऐकू येत होतं, की मला वाटलं आपण प्रश्न विचारत नसून चोरीचा आळ घेतोय.

फक्त एक जण फसला. त्यानं भाबडेपणानं सांगितलं, छातीत धडधडतंय, बायकोचं आजारपण डोक्यातनं जात नाही. डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या, अर्धा तास बोलत बसवलं आणि तीन दिवस गोदामात बसून मोजदादीचं काम द्या अशी चिठ्ठी दिली. मे महिना होता. गोदामात पंखा होता.

दुसऱ्या दिवशी अख्खं खातं आजारी पडलं.

काल 'न्हाय' म्हणून गेलेले सगळे परत रांगेत आले, आणि चादरीमागं येणारा प्रत्येक जण उसासे टाकतच बसू लागला. जिवाला बरं वाटत नाही? व्हय. झोपेचा त्रास? व्हय बाई, लई. मी लिहून लिहून दमले. पण सातआठ जण झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की सगळ्यांचं दुखणं पहिल्या प्रश्नाला सुरू होतं आणि दहाव्याला थांबतं. अकराव्या प्रश्नापासून सगळे ठणठणीत. मी एकाला दम भरला तेव्हा तो म्हणाला, "जॉबरनं सांगितलंय की. दहापर्यंत 'व्हय' म्हणा, गोदाम मिळतंय. अकरावं म्हटलं की येरवडा."

डॉक्टर हसायला लागले ते थांबेनात. मी पण हसले. त्याच हसण्यात एक म्हातारा विणकर चादर बाजूला करून आत आला. आप्पांच्या हाताखाली सर्वांत जुना माणूस, घरी तेलुगू बोलणारा. त्यानं शिस्तीत दहा 'व्हय' सांगितले, वीस 'न्हाय' सांगितले, उठला, चादरीपर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

"आता खरं सांगू का बाई?"

"सांगा की मामा."

"माझं न्हाय. जॉबरचं लिव्हा." त्यानं आवाज खाली आणला. "परवा चालत्या मागात हात घातला त्येनी. मी मागं ओढलो. आमास्नी सगळ्यांला त्येच शिकवले, आधी माग थांबव, मंग हात घाल. आन् त्येच इसरले. कुटं बगायले, काय बगायले, कळंना. आमी चाळीस जण त्येंच्यावर नजर ठिवून हाव. पण आमचं कोण ऐकणार? आमच्या वतीनं बोलणार त्येच, आन् बोलायचं त्येंच्याबद्दल."

आतापर्यंत मला वाटत होतं की आप्पा उदास आहेत, वाळतायत. आता पहिल्यांदा कळलं, की एखाद्या दिवशी ते हात गमावून घरी येतील, किंवा येणारच नाहीत. मला भयंकर भीती वाटली.

त्या संध्याकाळी मी एक कोरा कागद घरी आणला आणि चुलीपुढं बसून अव्वाला सगळं सांगितलं. तिनं परात पुढं ओढून पीठ मळायला घेतलं. मग म्हणाली, "विचार. मी सांगते. त्यांच्यापरीस मला जास्त ठाऊक हाय."

"झोपेचा त्रास?"

"हाय."

"जेवण नको वाटतं?"

"हाय. हितं काय विचारायलीस, तू बघायली न्हाईस का?"

"कुठलीही गोष्ट ठरवायला जड जातं का?"

"ह्या घरात त्यांनी कवा काय ठरवलंय? 'नाही' लिव्ह."

"आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं का?"

यावर अव्वा थांबली. पिठाचा हात तसाच धरून म्हणाली, "ते मला कसं ठाऊक असणार गं?" तो एक रकाना मी मोकळा सोडला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या विश्वासानं तो कागद मी डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडं पाहिलं. "चाळीस जणांची उत्तरं वडील देतात. वडिलांची उत्तरं आई देते. लिहून तुम्ही आणता. बाई, तुमच्या घरात स्वतःचं उत्तर स्वतः देणारं कुणी आहे का?"

मला संताप आला. म्हटलं, "माणूस बुडायला लागल्यावर तुम्ही त्याला आधी अर्ज लिहायला सांगणार का?" डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "नाही. पण त्याला ओढायचं तर हात त्यानं द्यायला हवा." मग थोडा विचार करून म्हणाले, "त्यांना एक निरोप द्या. म्हणावं, तुमच्या खात्यातला एक कागद अपुरा आहे."

ही युक्ती बरोबर लागू पडली. आप्पांना जगातलं काहीही चालेल, पण खात्याचं काम अपुरं राहिलेलं चालायचं नाही. पाळी सुटल्या सुटल्या ते दवाखान्यात हजर. डोक्यावर, भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. मी टेबलाशी होते, डॉक्टर कपाटाशी काहीतरी शोधत असल्यासारखे पाठमोरे उभे होते.

"कुणाचा राहिलाय?" आप्पांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगायचं," डॉक्टर न वळता म्हणाले.

आप्पा उभेच होते. मग स्टूल ओढून बसले. माझी दौत त्यांनी उगंच इकडची तिकडं सरकवली. मला वाटलं, आता उठतील आणि 'काय न्हाय' म्हणून चालायला लागतील.

"हाय एक माणूस," ते म्हणाले. "लिव्ह."

मी नवा कागद घेतला. नावाची जागा तशीच सोडली आणि पहिला प्रश्न वाचला.

"उगंच जिवाला बरं वाटंना झालंय का?"

"झालंय त्याला. दिवाळीपासनं."

"झोपेचा तरास हाय का?"

"हाय."

"हात चालतात पण मन कामात न्हाय, असं हुतंय का?"

"हुतंय. परवा हात पण चुकला त्याचा." मी वर पाहिलं नाही. "एकानं ओढला म्हणून."

असे आम्ही तीस प्रश्न केले. अव्वाला न सांगता आलेल्या प्रश्नाला ते म्हणाले, "व्हय. वाटतं त्याला तसं." मी 'होय' लिहिलं आणि ते अक्षर असं वेडंवाकडं आलं, की माझ्या शाळेतल्या बाईंनी कान धरला असता. फक्त एका ठिकाणी ते तडकाफडकी 'न्हाय' म्हणाले. रडू येतंय का, ह्या प्रश्नाला. "न्हाय. तसला माणूस न्हाय तो."

डॉक्टर आता वळले होते. त्यांनी कागद वाचला. "ह्या माणसाला येरवड्याला वगैरे कुणी नेणार नाही. ह्याला एक आजार झालाय, त्याला औषध आहे, आणि बोलावं लागेल. सोमवारी घेऊन या त्याला."

आप्पा म्हणाले, "त्यो एकटा यायचा न्हाय डॉक्टर. दुसऱ्याचं बोलायला सांगा, दिवसभर बोलंल. सोताचं बोलता येत न्हाय त्याला. त्याच्या वतीनं कुणीतरी पायजे."

"बाई येतील की," डॉक्टर म्हणाले.

सोमवारी मी लवकर उठून वेणी घातली, पातळ इस्त्री केलेलं नेसले, जणू माझीच परीक्षा होती. तीसही उत्तरं मला पाठ होती. आप्पांच्या कागदावर नाव घालून झालं होतं. डॉक्टरांच्या खोलीत आप्पा खुर्चीवर, मी त्यांच्या शेजारी. डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली आणि मी उत्तरं द्यायला. झोप नाही. भूक नाही. दिवाळीपासून. मी धडाधड सांगत होते. जॉबरची पोरगी होते मी, दुसऱ्याच्या वतीनं बोलणं माझ्या रक्तातच असणार. आप्पा गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते, अगदी त्यांच्या विणकरांसारखी मान डोलवत.

"रडू येतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आणि मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला. "आमच्या आप्पांना मी जन्मात कधी रडताना पाहिलं नाही."

"थांब," आप्पा म्हणाले.

मी थांबले.

"चुकीचं सांगायलीस." ते माझ्याकडं बघत नव्हते, डॉक्टरांकडं बघत होते. "येतंय मला. रोज येतंय. चाळीसच्या चाळीस माग चालू असले की मंग येतंय. तितं कुणाला ऐकू जात न्हाय. डोळ्यांत कापूस गेला म्हणतो."

डॉक्टरांनी माझ्या पुढ्यातला कागद स्वतःकडं ओढून घेतला आणि 'नाही' खोडून 'होय' केलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न आप्पांना विचारला. आप्पा सांगायला लागले. मी खुर्ची जरा मागं सरकवली आणि ऐकत बसले.